पावलांचा नकाशा

ज्या सकाळी मिसेस रीस नदीकाठच्या बाकावर गारठून बसलेल्या सापडल्या, त्या सकाळी त्यांच्या घरातल्या यंत्राच्या मते त्यांची तब्येत उत्तम होती.

थंडी कडाक्याची होती. मिसेस रीसच्या अंगात झोपायचा पातळ झगा आणि पायांत घरातल्या सपाता. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईने त्यांना पाहिलं. तिने आपला कोट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकला आणि धावत जाऊन डॉक्टर सबनीसांचं दार ठोठावलं. त्रेवेन गावात अडीअडचणीला हेच दार ठोठावायची पद्धत होती. डॉक्टरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, वयाची ऐंशी उलटली होती, पण पद्धत बदलली नव्हती.

डॉ. विश्राम सबनीस मूळचे मिरजेचे. तिथेच शिकले आणि तरुणपणी वेल्समधल्या या दरीत आले. दोन वर्षं काढून परत जायचं, असं बायकोला सांगून आले होते. तेव्हा इथल्या कोळशाच्या खाणी नुकत्याच बंद पडल्या होत्या आणि खाणीत राबलेल्या माणसांच्या छात्या धुळीने भरलेल्या होत्या. असल्या गावात यायला इंग्लंडचे डॉक्टर तयार नसत. सबनीस आले ते राहिलेच. त्यांची पत्नी उषाताई इथेच वारल्या, मुलगी गार्गी इथेच वाढली आणि आता एडिनबराला नोकरी करत होती.

डॉक्टर काठी न घेताच नदीवर धावले. मिसेस रीसच्या नाडीवर बोटं ठेवून त्यांनी विचारलं, “ग्वेन, इथे काय करताय?”

“एमरिसला शोधतेय,” त्या म्हणाल्या. “घरभर शोधला. मग म्हटलं, मासे धरायला गेला असेल.”

एमरिस रीस जाऊन चार वर्षं झाली होती.

मिसेस रीस वाचल्या. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोन उचलला आणि आपल्या भागाच्या आमदाराला, हेलेद प्रोथेरोला, बोलावून घेतलं.

सेनेद म्हणजे वेल्सची विधानसभा. हेलेद तिथे या दऱ्याखोऱ्यांची प्रतिनिधी होती. वय चव्वेचाळीस, वडील बसचे ड्रायव्हर, आजोबा खाणकामगार. आजोबांच्या शेवटच्या वर्षात डॉक्टर दर आठवड्याला घरी येऊन त्यांच्या उशाशी बसायचे, हे तिने लहानपणी पाहिलेलं. मोठी झाल्यावर तिने राजकारणात आरोग्य आणि समाजकल्याण हेच विषय धरले. बाकीच्या आमदारांना रस्त्यांचे आणि कारखान्यांचे प्रश्न आवडायचे. हेलेद उठली की म्हाताऱ्यांचं, अपंगांचं, एकट्या राहणाऱ्यांचं काहीतरी असणार, हे सभागृहाला पाठ झालं होतं.

“मिसेस रीसकडे रोज सकाळी मदतनीस यायची ना?” तिने विचारलं.

“यायची. तीन महिन्यांपूर्वी बंद झाली. सावलीने सांगितलं, गरज नाही.”

सावलीचं उद्घाटन त्रेवेनच्या सभागृहात हेलेदच्याच हातून झालं होतं.

सावली म्हणजे भिंतीवर लावायची एक पांढरी डबी. वेल्श भाषेत तिचं नाव ‘कस्गोद’. त्याचा अर्थ सावली आणि आसराही. तत्त्व वटवाघळाचं. वटवाघूळ आवाज सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतं. ही डबी आवाजाऐवजी क्षीण रेडिओलहरी सोडते. लहरी भिंतीतून आरपार जातात, पण माणसाच्या शरीरात पाणी फार, म्हणून शरीरावर आपटून परततात. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर पुढे येते, हृदयाच्या ठोक्याने त्याहून कितीतरी कमी हलते. पण परतणाऱ्या लहरीत तेवढाही फरक उमटतो. डबी तो वेगळा काढते. कॅमेरा नाही, अंगावर काही बांधायचं नाही. माणूस झोपला का, पडला का, किती चालतो, नाडी कशी आहे, हे सगळं तिला कळतं आणि त्यावरून ती ठरवते, या माणसाला मदतीची गरज किती. नातेवाइकांच्या फोनवर एक पान दिसतं. हिरवं असलं तर सगळं ठीक. पिवळं झालं तर मदतनीस जास्त वेळा जाते. लाल झालं तर रुग्णवाहिका निघते.

या डबीने अनेकांचे जीव वाचवले होते. त्यात डॉक्टर सबनीसही होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचा ताल बिघडला, ते त्यांना स्वतःला कळायच्या आत रुग्णवाहिका दारात आली होती. तेव्हापासून ते येता-जाता डबीला नमस्कार करायचे. हेलेदने एकदा विचारलं तर म्हणाले, “आमच्याकडे अवजाराची पूजा करतात. त्यात काही चूक नाही.”

आताही त्यांनी डबीकडे पाहिलं. “मी तिच्याविरुद्ध नाही, हेलेद. पण ग्वेन दिवसभर घरात फिरत असते. कपाटं उघडते, खिडक्यांतून बघते, जिना चढते, उतरते. सावलीला वाटतं, वा, काय ठणठणीत बाई आहे! आणि त्या सकाळी ती घराबाहेर पडली, तर सावलीने त्याचेही गुण दिले. बाहेर जाते म्हणजे माणसांत मिसळते.”

हेलेदने हा प्रश्न सेनेदमध्ये मांडला. आरोग्यमंत्री येस्तिन हॉपकिन तिच्याच पक्षाचे होते आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं, स्वतः चहा करून दिला.

“मला मिसेस रीसबद्दल खरंच वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण मदतनीस आणू कुठून? मिळतात कुठे माणसं? सावली यायच्या आधी आपण सगळ्यांकडे थोडं थोडं जायचो आणि कोणालाच पुरे पडत नव्हतो. आता ज्याला खरी गरज आहे तिथे जातो. हॉस्पिटलात भरती होणारे म्हातारे किती कमी झालेत, तू पाहिलंस ना?”

“पाहिलंय. पण ज्यांच्याकडे जायचं थांबवलं, त्यांना गरज नव्हती हे कशावरून?”

“एका बाईवरून धोरण बदलत नाहीत, हेलेद. समितीसमोर पुरावा आण. मी ऐकीन.”

पुराव्यासाठी हेलेद विद्यापीठात डॉ. ओल्वेन मेरेदिथकडे गेली. सावलीची बुद्धी ओल्वेनने घडवली होती. हेलेदला वाटलं होतं, ही बाई आपल्या यंत्राची बाजू घेऊन भांडेल. पण मिसेस रीसची हकीकत ऐकताना ओल्वेनचा चेहरा उतरत गेला.

“यंत्राला कोणी नियम शिकवत नाही,” ती म्हणाली. “आम्ही हजारो म्हाताऱ्या माणसांच्या हालचाली त्याच्यापुढे ठेवल्या आणि पुढे कोण आजारी पडलं, कोण नाही, ते सांगितलं. नियम त्याने स्वतः शोधला. जो जास्त चालतो तो टिकतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच आहे.”

“मग ज्यांचं डोकं भरकटतं आणि म्हणून जे चालतात?”

“ते त्या हजारांत नव्हते.” ओल्वेन म्हणाली. “आम्ही एकटं, स्वतःच्या घरात राहणारी माणसं निवडली होती. स्मृतिभ्रंश झालेले तोवर संस्थांमध्ये पोचलेले असायचे. यंत्राने त्यांना कधी पाहिलंच नाही. पाहिलं नाही, आणि तरी ते हिरवं पान दाखवतं. खरं म्हणजे त्याने म्हणायला हवं होतं, मला कळत नाही.”

दोन आठवड्यांनी तिने हेलेदला परत बोलावलं. मोठ्या पडद्यावर घरांचे नकाशे होते. नावं नव्हती, पत्ते नव्हते. आमदाराला तेवढंच दाखवायची परवानगी होती. प्रत्येक घरात दिवसभरात पडलेल्या पावलांच्या निळ्या रेघा.

“भिंती आम्ही काढलेल्या नाहीत,” ओल्वेन म्हणाली. “माणूस जिथून कधीच जात नाही, तिथे यंत्र भिंत समजतं. आता हे निरोगी घर बघ. रेघा स्वयंपाकघर, खुर्ची, बिछाना अशा विखुरलेल्या. आणि हे बघ.”

पुढच्या घरात एकच वाट होती. त्याच वाटेवरून इतक्या वेळा जाणं झालं होतं की रेघेचा दोरखंड झाला होता. पुढच्या घरात तसाच दोरखंड, वेगळ्या आकाराचा. त्याच्या पुढच्या घरातही. सगळी हिरव्या पानाची घरं.

“ही फक्त तुझ्या मतदारसंघातली आहेत,” ओल्वेन म्हणाली आणि एकेक नकाशा पुढे सरकवू लागली.

“थांब,” हेलेद म्हणाली.

पडद्यावरच्या घराची पुढची खोली तिकोनी होती. दोन रस्ते जिथे फुटतात तिथे टोकाला बांधलेलं घर असलं की पुढची खोली अशी होते. सबंध त्रेवेनमध्ये असं घर एकच होतं. त्या तिकोनी खोलीत दोन भिंतींना लाकडी बाकं होती, खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत आईच्या मांडीवर हेलेद तिथे बसली होती. तो डॉक्टरांचा दवाखाना होता आणि त्याच्या मागे त्यांचं घर.

निळी रेघ आतल्या खोलीतून निघायची, तिकोनी खोलीच्या दाराशी यायची, थांबायची आणि परत आत जायची. पुन्हा यायची. रोज सकाळी, दुपारच्या जेवणापर्यंत.

“ओळखीचं घर आहे का?” ओल्वेनने विचारलं.

“नाही,” हेलेद म्हणाली. ओळखलं असं सांगणं नियमात बसत नव्हतं. आणि ते तोंडून निघालंही नसतं.

पुढचे काही दिवस तिचे फार वाईट गेले. ज्या माणसाने हा प्रश्न आपल्याला दाखवला, तोच त्यात अडकलेला आहे. त्याला हे सांगायचं कसं? आणि सांगायचा आपल्याला अधिकार तरी आहे का? तिने न सांगण्याची बरीच कारणं शोधली. तेवढ्यात डॉक्टरांचाच फोन आला. समितीच्या बैठकीची तयारी कुठवर आली, ते विचारत होते. बोलणं अगदी नेहमीसारखं, खणखणीत. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला आणि त्यांनी तेच, तसंच खणखणीत आवाजात विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्रेवेनला गेली. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिकोनी खोलीत कोणी नव्हतं. बाकं पुसलेली होती. ती एका बाकावर बसली.

आतलं दार उघडलं. डॉक्टर उभे होते. पांढरा शर्ट, टाय, वर लोकरी जाकीट.

“पुढचं कोण?” त्यांनी विचारलं.

ते समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहून हसले, कोणाला तरी वाट देतात तसे बाजूला झाले आणि आत गेले. दार बंद झालं. थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं.

“पुढचं कोण?”

हेलेद उठली. “मी, डॉक्टर.”

“ये, ये. बस.” आतल्या खोलीत टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या. त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. “काय होतंय?”

त्यांनी आपल्याला ओळखलेलं नाही, हे तिला कळलं. ती म्हणाली, “झोप लागत नाही. एका माणसाला एक गोष्ट सांगायची आहे आणि धीर होत नाही.”

“तो माणूस आजारी आहे का?”

“हो.”

“त्याला ठाऊक आहे?”

“नाही, डॉक्टर.”

“मग सांगून टाक,” डॉक्टर म्हणाले. “आपल्याला काय झालंय ते आधी त्याला कळायला हवं, मग जगाला. पण उभ्याउभ्या सांगू नकोस. बसून सांग. साध्या शब्दांत सांग. आणि सांगून झालं की लगेच उठून जाऊ नकोस. लोक तिथेच चुकतात.”

हेलेदने खुर्ची जवळ ओढली. तिने बसून, साध्या शब्दांत सांगितलं. मिसेस रीसचं घर, पावलांचे दोरखंड, तिकोनी खोली. सांगून झाल्यावर ती उठली नाही.

डॉक्टरांनी मान खाली घातली, आपला टाय पाहिला, बोटांनी चाचपला.

“हेलेद,” ते हळू म्हणाले, “आत्ता मी कोणाला बोलावत होतो?”

“मला माहीत नाही, डॉक्टर.”

“मलाही नाही.” ते उठून कोपऱ्यातल्या नळाशी गेले आणि हात धुऊ लागले. तिच्याकडे पाठ करूनच म्हणाले, “टाय घातलेला असतो कधी कधी दुपारी. मला वाटायचं, कुठे जायचं होतं बरं? उषा असती तर पहिल्याच दिवशी ओरडली असती.” नळ बंद झाला. “हे मी इतक्या लोकांना सांगितलंय या खोलीत. बहुतेकजण म्हणायचे, डॉक्टर, तुमची चूक होत असेल. मला त्यांचा राग यायचा.”

“तुम्हीही म्हणा हवं तर.”

“नको. तू बरोबर सांगितलंस. कोणाकडून शिकलीस?”

हेलेदला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं. डॉक्टरांनी तिला टॉवेल दिला, तोच, हात पुसलेला.

त्यांनी तिच्यासमोरच गार्गीला फोन लावला. ते मराठीत बोलत होते. हेलेदला शब्द कळत नव्हते, पण ती बसून राहिली.

“बाबा? काय झालं? तुमचं पान तर हिरवं दिसतंय.”

“हो ना. तेच सांगायला फोन केलाय. तू मागे कधी फोन केला होतास?”

“रविवारी... नाही, त्याच्या आधीच्या. बाबा, मी रोज बघते हो. उठल्याबरोबर आधी तुमचं पान बघते.”

“बघतेस गं, माहीत आहे मला. आणि त्या पानाने मला एकदा वाचवलंय, त्याला नावं ठेवू नकोस. पण बाळा, आवाज ऐकला असतास तर तुला माझ्या आधी कळलं असतं.”

त्यांनी तिलाही साध्या शब्दांत सांगितलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला तेव्हा ते काही वेळ नुसते फोन धरून बसले. मग म्हणाले, “ये तू. घाई नाही, पण ये. आणि येताना त्या आल्याच्या वड्या मिळतात ना तुमच्याकडे, त्या आण.”

फोन ठेवल्यावर ते हेलेदकडे वळले. “समितीची बैठक कधी आहे?”

“पुढच्या महिन्यात. पण तुम्ही तिकडे—”

“माझं नाव घे. नाहीतर मीच येतो.”

“डॉक्टर, सगळ्या गावाला कळेल. तुम्हाला इथे सगळे किती मानतात.”

“या गावातल्या प्रत्येकाचं काही ना काही गुपित मी सांभाळलं,” ते म्हणाले. “आता माझं एक आहे. ते मी कोणाला द्यायचं ते मी ठरवीन. नावं नसलेल्या रेघा दाखवशील तर येस्तिन हॉपकिन अजून रेघा मागेल. माणूस दाखव.”

बैठकीच्या दिवशी गार्गी डॉक्टरांबरोबर कार्डिफला, सेनेदच्या इमारतीत, आली होती. समितीची खोली काचेची होती, बाहेर समुद्राचं राखी पाणी. आधी ओल्वेन बोलली. आपल्या यंत्रात काय राहून गेलं ते तिने काहीही न लपवता सांगितलं. मग हेलेदने डॉक्टरांची ओळख करून दिली.

डॉक्टर उभे राहिले. “मी आधी आभार मानायला आलोय,” ते म्हणाले. “या देशाने मला काम दिलं. त्रेवेनने घर दिलं. आमची मुलगी तापाने फणफणली होती आणि मी दुसऱ्याच्या घरी बाळंतपणात अडकलो होतो, तेव्हा गल्लीतल्या बायका रात्रभर माझ्या बायकोजवळ बसल्या. आणि या यंत्राचे आभार, कारण त्याच्याशिवाय मी आज इथे नसतो. हे सगळं खरं आहे. आता हेही ऐका की मला स्मृतिभ्रंश आहे, मी रोज सकाळी नसलेल्या पेशंटना तपासतो, आणि माझं पान आजही हिरवं आहे.”

गार्गीने फोन उचलून समितीकडे धरला. पान हिरवं होतं.

एका सदस्याने जपून विचारलं, “डॉक्टर, माफ करा, पण तुम्ही इतकं व्यवस्थित बोलताय. आजार फार नसेल?”

“आज चांगला दिवस आहे,” डॉक्टर म्हणाले. “वाईट दिवशी आणलं असतं, तर मी तुम्हाला सगळ्यांना रांगेत बसवलं असतं.”

लोक हसले. डॉक्टरही हसले. मग त्यांना पुढे काय बोलायचं होतं ते आठवेना. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खोलीतलं हसू हळूहळू विझलं. हेलेद त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांचा हात धरला.

“बसा, डॉक्टर. आता मी बोलते.”

ती समितीकडे वळली. “मंत्रिमहोदय विचारतील, माणसं कुठून आणायची. रास्त प्रश्न आहे. मी प्रत्येक घरी रोज माणूस पाठवा असं म्हणत नाही. ओल्वेन यंत्राला एक नवीन पान देऊ शकते. राखाडी. त्याचा अर्थ, मला कळत नाही, कोणीतरी जाऊन बघा. आणि कायद्यात एवढंच हवं: यंत्राच्या सांगण्यावरून मदत वाढवा, पण कोणाकडे जाणं थांबवायचं असेल, तर आधी एका माणसाने त्या घरात जाऊन, बसून, बोलून यावं. सगळी घरं अशी नाहीत. पण जी आहेत, त्यांना आज कोणी नाही.”

येस्तिन हॉपकिन बराच वेळ टेबलावर बोटं जुळवून बसले होते. “माझ्या वडिलांचं पानही हिरवं आहे,” ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी हेलेदला फोन केला. ते वडिलांच्या घरून बोलत होते.

कायदा सहजासहजी झाला नाही. विरोधकांपेक्षा पक्षातल्याच लोकांनी जास्त अडवलं. सावली ही त्यांच्या सरकारची शान होती आणि हेलेदने तिला डाग लावला असं काहींना वाटत होतं. एका जुन्या मित्राने तिच्याशी बोलणं सोडलं. पुढच्या निवडणुकीसाठी पक्षाच्या यादीत तिचं नाव खाली गेलं; तिथे मतं पक्षाला मिळतात आणि यादीत वर असलेले आधी निवडून येतात. तरी येस्तिन हॉपकिनने शब्द राखला. त्यांनी स्वतः विधेयक मांडलं आणि हिवाळा संपता संपता ते मंजूर झालं. पहिल्याच महिन्यात वेल्सभर राखाडी पानं उमटली आणि घराघरांत माणसं जाऊन बसू लागली. कितीतरी ठिकाणी सगळं खरोखरच ठीक निघालं. काही ठिकाणी नाही, आणि तिथे वेळेवर पोचता आलं.

गार्गीला बाबांना एडिनबराला न्यायचं होतं. तिने खोली तयारही केली. डॉक्टर म्हणाले, “तिथे मला फक्त तू ओळखशील. इथे मी कोणाला ओळखलं नाही तरी सगळे मला ओळखतात.” मग तिनेच कामाची सोय लावून घेतली आणि महिन्यातले काही दिवस ती त्रेवेनला राहू लागली. बाकीच्या दिवसांत रोज संध्याकाळी फोन करायची. पान बघायचीच, पण फोन झाल्यावर.

डॉक्टर आणि मिसेस रीस या दोघांसाठी गॅरेथ नावाचा मदतनीस नेमला गेला. हा पूर्वी हेलेदच्या वडिलांबरोबर बस चालवायचा. तो सकाळी मिसेस रीसना घेऊन डॉक्टरांकडे यायचा, म्हणजे दोघांचीही काळजी एका ठिकाणी. मिसेस रीस एमरिसची चौकशी करायच्या, डॉक्टर त्यांना तो येईल म्हणायचे, आणि त्या शांत होऊन कामाला लागायच्या.

उन्हाळ्यात एकदा हेलेद तिकडे गेली. निवडणुकीत ती थोडक्यात निवडून आली होती. फार दमली होती. घराच्या मागच्या बागेत ऊन होतं. डॉक्टर आणि मिसेस रीस टेबलाशी बसून मटार सोलत होते, गॅरेथ वाफ्याला पाणी घालत होता.

डॉक्टरांनी मान वर केली. नजर अनोळखी, पण हसणं तेच.

“या, या,” ते म्हणाले. “कोणाच्या तुम्ही?”

दरीत नव्या माणसाला असंच विचारतात. हेलेद म्हणाली, “इथलीच आहे, डॉक्टर. प्रोथेरोंची.”

“असं होय? मग बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.” त्यांनी काही शेंगा तिच्यापुढे सरकवल्या. ती सोलू लागली. थोडा वेळ तिघांच्या बोटांचाच आवाज येत राहिला. मग डॉक्टर पुढे झुकले, काही खास गोष्ट सांगावी तसे.

“प्रोथेरोंची म्हणालात ना? तुमच्यातलीच एक मुलगी आमची आमदार आहे. भेटलात का कधी तिला?”

गॅरेथने झारी खाली ठेवली. हेलेदने त्याच्याकडे पाहून हळूच ‘नको’ अशी मान हलवली.

“नाही,” ती म्हणाली. “कशी आहे?”

“फार गुणाची.” डॉक्टरांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत पाडले. “माझ्यासाठी काहीतरी केलंय तिने, मोठं. काय ते आता नेमकं सांगता येणार नाही मला. पण केलंय. हे घर, ही बाग, ग्वेन, सगळं आहे ना, ते त्यामुळे आहे.” त्यांनी आणखी एक शेंग उचलली. “तुम्हाला भेटली, तर सांगाल का तिला? विश्राम सबनीस तुझी आठवण काढतो म्हणावं.”

“सांगते,” हेलेद म्हणाली. “नक्की सांगते, डॉक्टर.”

“विसरू नका बरं का,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सोललेल्या मटारांतले मूठभर कोवळे दाणे उचलून तिच्या हातावर ठेवले.